कुणाला काय द्यायचं

सातपूरच्या त्या कारखान्यात समाधान मौले टाइम ऑफिसचा साधा क्लार्क होता. पण दिवाळी जवळ आली की साहेबांच्या केबिनपेक्षा त्याच्या खिडकीशी जास्त गर्दी. साडेचारशे माणसांनी एकमेकांना भेटी द्यायच्या, हे खूळ त्यानेच एक्क्याण्णव साली काढलेलं. वसुबारसेच्या आठ दिवस आधी कॅन्टीनच्या भाताच्या पातेल्यात सगळ्यांच्या टोकन नंबरांच्या चिठ्ठ्या पडायच्या. ज्याला ज्याचा नंबर लागेल त्याने त्याला पन्नास रुपयांच्या आतली भेट द्यायची. मॅनेजर असो की झाडूवाला, पातेलं एकच.

आता प्रेस शॉपच्या माणसाला पेंट शॉपवाल्याचं काय ठाऊक? मग तो खिडकीशी यायचा. "अण्णा, चारशे बाराला काय देऊ?" की समाधानने वही उघडलीच. मखमलाबादच्या मळ्यात वाढलेला तो, कुठल्या वाफ्याला कधी पाणी दिलं हे ध्यानात ठेवायची लहानपणापासूनची सवय. कुणाच्या आईला मोतीबिंदू, कुणाची बायको माहेरी जाऊन बसलेली, कुणाचा सिन्नरचा भाऊ शेतीत वाटा मागतोय, सगळं वहीत. माणसाचं घर कळल्याशिवाय भेट कळत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोला, त्याने सुचवलेली भेट नेमकी लागू पडायची. साध्या टॉर्चसाठी एका म्हाताऱ्या फोरमनने सगळ्यांदेखत डोळे पुसले होते.

पॅकिंगमधला पुंजा त्याचा जिगरी दोस्त. एकलहऱ्याहून कामाला यायचा. लागोपाठ दोन वर्षं त्याला लुनाचं सीट कव्हर भेट मिळालं तेव्हा तो हळूच म्हणाला, "गड्या, लुना इकून टाकली मी. फिट येती मला. डॉक्टर म्हनला गाडी हाणू नको. तुलाच सांगतोय, दुसऱ्या कुनाला नाय ठावं."

समाधानने वहीत लिहिलं, 'पुंजा. फिट येते. गाडीचं काही नको, मफलर चालेल.' आता 'गाडीचं नको' एवढं पुरलं नसतं का? पण नाही, सगळं लिहायची खोड! ती खोड नडली.

दोन हजार एक साली पर्सोनेल खात्यात हर्षाली मॅडम आल्या. गंगापूर रोडला राहायच्या, तिशीच्या आतल्या, बोलायला साखर. "काका, इतकी वर्षं हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत? कमाल आहे हो तुमची! यंदा खर्च कंपनी करणार. वही द्या ना, कॉम्प्युटरवर घेते." दहा वर्षांत एकाही साहेबाने त्याला कमाल म्हटलं नव्हतं. गडी पाघळला. नुसती वही देऊन थांबला असता तरी चाललं असतं, पण हा शेजारी खुर्ची ओढून बसला आणि जिथे अक्षर लागेना तिथे स्वतः वाचून दाखवलं. एक नाही, चांगले दोन दिवस.

दिवाळी दणक्यात झाली. तुळशीचं लग्न लागलं आणि एकेकाला केबिनमध्ये बोलावणं सुरू झालं. दीडशे माणसं कमी करायची होती. नाव काय, तर स्वेच्छानिवृत्ती. कसली डोंबलाची स्वेच्छा! ज्याचा सिन्नरचा भाऊ वाटा मागत होता त्याला मॅडम म्हणाल्या, भावाचा वाटा देऊन टाकायला पैसे लागतीलच ना तुम्हाला? पुंजाला म्हणाल्या, "तुम्हाला फिट येते. आपणहून सही केलीत तर पैसे मिळतील. नाहीतर मेडिकल होईल, मग हातात काहीच नाही." अहो, खोक्यांना पट्ट्या चिकटवणाऱ्या माणसाची कसली मेडिकल?

पुंजा तसाच खिडकीशी आला. ओरडला नाही. "समाधान, तिला कसं कळलं रे?"

समाधान उठून उभा राहिला. "वही दिली होती मी. भेटींसाठी. तू सही करू नको, मी बोलतो तिच्याशी."

तो तडक केबिनमध्ये गेला. "मॅडम, ती वही परत द्या. आणि पुंजाचं तेवढं..."

"घ्या ना काका," मॅडमनी ड्रॉवरमधून वही काढून पुढे केली. "आमचं काम झालंय. आणि वाचून तर तुम्हीच दाखवलंत ना? तुम्ही कशाला टेन्शन घेता? तुमचं नाव यादीत नाहीये."

हे ऐकून त्याला काय वाटलं असेल? संताप? लाज? छे! त्याला हायसं वाटलं. दोन पोरी शिकत होत्या, मळ्याचे तुकडे होऊन हिश्श्याला चार वाफे आलेले, नोकरी गेली तर खाणार काय? सगळं खरं. पण दोस्ताची भाकरी जात असताना हायसं वाटलं, हेही खरंच. "बरं मॅडम," म्हणून तो बाहेर आला. पुंजाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

पुंजा बाहेर जिन्याशी उभा होता.

"नाही ऐकत ती," समाधान म्हणाला. "लय भांडलो मी."

दुसऱ्या दिवशी पुंजाने सही केली.

पुढच्या दिवाळीला पातेलं ठेवलं, तर लोकांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि मुकाट्याने निघून गेले. काय देऊ म्हणून कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी सगळ्यांना स्टीलचे ग्लास दिले.

पाडव्याला समाधान मिठाई घेऊन एकलहऱ्याला गेला. पुंजा आता थर्मल पॉवरच्या ठेकेदाराकडे मिळेल तेव्हा रोजंदारीवर जायचा. वाळला होता. त्याची बायको कुसाबाई चिवड्याची बशी घेऊन आली.

"वहिनी, फिट येते का अजून ह्याला?" समाधानने विचारलं.

कुसाबाईने बशी खाली टेकवली. "भावजी, तुमाला सांगायचं म्हंजे कुनाकुनाला सांगायचं?"

"ए, गप!" पुंजा तिच्यावर खेकसला. "चूक झाली आसंल त्याची. पन माझ्यासाठी त्या बाईशी भांडला ह्यो. स्वतःच्या नोकरीचा इचार नाय केला. आपलं मानूस हाय ते." आणि बशी समाधानच्या पुढ्यात सरकवली. "खा रे. तिचं काय मनावर घेऊ नको."

भांडलो नाही रे मी, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. समाधानने त्यावर चिवड्याचा घास भरला, मग दुसरा, आणि मान खाली घालून सगळी बशी संपवली.