सी विंगच्या गच्चीची किल्ली

ढग बघणाऱ्या माणसांबरोबर चार वर्षं काढली की अंगावर दोन गोष्टी चढतात. एक, मानदुखी. दुसरी, किस्से. मानेला शेक देता येतो, किश्श्यांचं काय करायचं? ऐका आता!

आम्ही आठ जण कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी आभाळाचे फोटो काढतो. मी बँकेतून व्हीआरएस घेतलेली, म्हणजे रिकामीच. बाकीच्यांकडे तेवढंही कारण नाही. आजूबाजूला टॉवर उठल्यापासून पश्चिमेचं आभाळ दिसतं ते फक्त सी विंगच्या गच्चीवरून. त्या गच्चीची एक किल्ली आमच्याकडे आहे आणि सेक्रेटरी शेलारांना ती परत हवी आहे. "गच्ची ही कॉमन प्रॉपर्टी आहे, वेधशाळा नाही," असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. किल्ली गेली की ग्रुप संपला, हे आम्हा आठही जणांना पक्कं ठाऊक आहे.

* * *

ग्रुपचे संस्थापक घाटपांडे सर. शाळेत चित्रकला शिकवायचे. रिटायर झाले, पण शिक्षकपण काही गेलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, "ढगात गणपती दिसणं इथे फाउल आहे. ज्याला दिसेल त्याने चहा पाजायचा."

एकदा बुधवार पेठेतला एक दुकानदार पाहुणा म्हणून आला. पाच मिनिटांत ओरडला, "अहो, साक्षात गणपती!"

"फाउल," सर म्हणाले.

"पण सोंड दिसतेय हो!"

"सोंड हत्तीलाही असते. अवघ्या पुण्याला ढगात एकच गोष्ट दिसते, त्यात तुम्ही काय वेगळं केलंत?"

बिचाऱ्याने आठ चहा पाजले आणि परत म्हणून फिरकला नाही. सर म्हणाले, "दृष्टी नव्हती." मी म्हटलं, चहा तरी बरा होता.

* * *

आमच्यातला प्रणय यवतमाळचा. हिंजवडीला आयटीत आहे, त्यामुळे स्वतः बघून काही ठरवायची त्याची सवयच गेलीय. त्याने मोबाइलवर ढग ओळखणारं ॲप आणलं आणि मला दाखवायला लागला. "मॅडम, नुसता कॅमेरा पॉइंट करायचा, ॲप नाव सांगते. एकदम ॲक्युरेट!"

नेमका मोबाइल हलला आणि कॅमेऱ्यात आलं कांबळे मॅडमचं डोकं. मॅडम निवृत्त तहसीलदार. केस पांढरेशुभ्र, कधी रंगवले नाहीत आणि कधी रंगवणारही नाहीत. ॲपने क्षणभर विचार केला आणि नाव सांगितलं, सिरस! म्हणजे सगळ्यात उंचावरचे ते पिंजलेले ढग.

प्रणयचा चेहरा पडला. "सॉरी मॅडम, बग आहे."

"बग कशाला?" मॅडम म्हणाल्या. "बरोबर आहे. तुझ्यापेक्षा तेवढीच वर आहे मी."

* * *

शहरात क्षितिज मिळत नाही म्हणून सरांनी शहराबाहेर मांजरी गावाला सहल काढली. दोन रिक्षा, आठ माणसं, एक ट्रायपॉड. उसाच्या शेतापलीकडे एक गुबगुबीत ढग जमिनीतूनच वर येत होता. सरांनी ट्रायपॉड तिथेच रोवला. "क्युम्युलस! असा पायथ्यापासून दिसणं म्हणजे भाग्य!" मग अर्धा तास फोटो. आम्ही तिघं तर बांधावर आडवे पडून.

तेवढ्यात एक शेतकरी मोटारसायकलवरून आला आणि थांबला. "काय काढताय?"

"ढग," मी म्हणाले.

त्याने ढगाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "ढग कुठला? पाचट पेटवलंय आमच्या भावानं. धूर हाय त्यो!"

मला तर हसू आवरेना. सर तेवढे शांतपणे लेन्स पुसत म्हणाले, "उगमाबद्दल दुमत असू शकतं. आकार क्युम्युलसचाच आहे."

आणि तो फोटो अजून ग्रुपचा डीपी आहे! लाज कशी ती नाहीच.

* * *

मग आला मे महिना आणि सोसायटीची मीटिंग. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचं होतं. शेलार उभे राहिले. "चार वर्षं हे लोक वर बघतायत. सोसायटीला उपयोग काय? या रविवारी कोट मारायचाय. पाऊस पडणार की नाही, एवढं सांगा. बरोबर आलं तर किल्ली ठेवा. चुकलं तर तिथल्या तिथे परत!"

"आम्ही ढग बघतो," सर म्हणाले. "पाऊस हा त्याचा साइड इफेक्ट आहे."

"हो की नाही?"

कांबळे मॅडमनी कागद काढला आणि लिहिलं, 'पावसाची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.' शेलारांनी तो तसाच परत दिला. "हे आम्हालाही येतं."

खरं सांगते, या सात जणांना मी कितीही नावं ठेवली तरी ती गच्ची गेली असती तर रविवारी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. सरांनी कागद ओढला, 'पडणार नाही' एवढंच लिहिलं आणि खाली सही ठोकली.

* * *

रविवार उजाडला तो कोरडा ठणठणीत! दुपारी तीनपर्यंत माणसांनी अख्ख्या गच्चीवर पांढरा कोट मारला आणि ते गेले. एक थेंब पडला नाही. चार वाजता शेलारांचा मेसेज आला, 'अंदाज बरोबर. किल्ली राहू द्या.' शेलारांकडून एवढं म्हणजे सत्कारच झाला हो!

पाच वाजता सिंहगडाच्या बाजूला एक ढग उठला. चार वर्षांत असा बघितला नव्हता. वर ऐरणीसारखा पसरलेला, कडेला सोनं. सरांचा मेसेज आला, 'वर या!!!' आम्ही जिन्यावरून धावत सुटलो. दारावर खालच्या बाजूला शेलारांनी पाटी लावली होती, 'कोट ओला आहे. उद्यापर्यंत पाय ठेवू नये.' ती वाचायला खाली बघावं लागलं असतं. आठांपैकी एकाचीही नजर खाली नव्हती, माझीसुद्धा.

बराच वेळ नुसते क्लिक क्लिक आवाज. मग मला कोन बदलायचा होता आणि माझी चप्पल उचलेना.

मी खाली बघितलं. दारापासून टाकीपर्यंत सोळा पायांच्या ठशांच्या रांगा! आणि दारात शेलार. उंबऱ्याच्या आत, कोरड्या जागेत उभे. चेहरा लालबुंद. त्यांनी नुसता हात पुढे केला. "किल्ली!"

सगळ्यात जवळ सर होते, हातभर अंतरावर. घोट्यापर्यंत पांढरे. त्यांनी कॅमेऱ्यावरचा डोळासुद्धा काढला नाही.

"शर्टाच्या खिशात आहे, काढून घ्या. माझे दोन्ही हात गुंतलेत. पण शेलार, आधी वर बघा हो जरा. असा परत नाही मिळायचा!"

शेलारांनी वर बघितलं.

मग त्यांनी स्वतःच्या खिशातून मोबाइल काढला आणि एक पाऊल पुढे टाकलं.