बाबांची फुली

काकावर मी सूड उगवला तो अंधेरीच्या एका दवाखान्यात, भर दुपारी, कॉम्प्युटरसमोर. त्याची मला आजतागायत लाज वाटलेली नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्ही घाटकोपरला राहायचो आणि मी अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते. त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द उरला, "होय". चहा हवा, तरी होय. नको, तरी होय. डोळ्यांत भलतंच काही असायचं, पण जिभेवर तेवढंच यायचं. मग ते डाव्या मुठीने गादीवर आपटत बसायचे.

काका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मुलुंडचा. त्याने हा होय बरोबर हेरला. बाबा भजनात मृदंग वाजवायचे. एका रविवारी काका म्हणाला, "दादा, ह्यो मृदंग नुसतो पडान हा. मी नेतंय हां?" बाबा म्हणाले, "होय." काकाने मृदंग काखोटीला मारला. बाबा मूठ आपटत राहिले.

काही महिन्यांनी त्याने माझं लग्न ठरवलं. मुलगा त्याच्या ऑफिसातल्या साहेबांचा. पहिली बायको वर्षाच्या आत माहेरी पाठवलेली. मला कुणी विचारलं नाही. बाबांना विचारलं, आईसमोर, आणि ते जे म्हणू शकत होते तेच म्हणाले.

"आई, बाबा सगळ्यालाच होय म्हणतात गं," मी म्हटलं.

"मग मी काय भावोजींना खोटं पाडू? यांच्यानंतर आपल्याला आहे कोण?"

त्याच सुमारास ऑफिसातल्या मैत्रिणीने मला वाचेचे उपचार करणाऱ्या एका बाईंच्या अंधेरीतल्याच दवाखान्याचा पत्ता दिला. शनिवारी हाफ डे असायचा, तेव्हा बाबांना घेऊन जायचे. बाईंनी परदेशाहून एक लहान कॉम्प्युटर आणला होता, टीव्हीला जोडायचा. पडद्यावर चौकटी-चौकटींचं चित्र उमटायचं, बाई प्रश्न विचारायच्या आणि पेशंटने बटण दाबायचं. दोन बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या, हिरवी होयची, लाल नाहीची. मराठी अक्षरं त्या यंत्राला येत नव्हती. हिरवीला पडद्यावर बरोबरची खूण यायची, लालला फुली.

पडद्यावर मासा आला. बाईंनी विचारलं, "हा आंबा आहे का?"

बाबा म्हणाले, "होय." आणि त्यांच्या डाव्या हाताने लाल बटण दाबलं.

पडदाभर फुली उमटली. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि रडायला लागले.

"त्यांना सगळं कळतंय," बाई म्हणाल्या. "अडकलंय ते फक्त तोंडाशी."

पुढच्या खेपेला मी बाईंना सगळं सांगितलं आणि बाबांना विचारलं, हे लग्न त्यांना मान्य आहे का. फुली. मृदंग काकांना द्यायचा होता का. लाल बटण असं काही दाबलं की बाईंना यंत्र धरावं लागलं.

एवढं घरी सांगून प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. काकाची वाट लावायची होती, तीही त्याच्या साहेबांसमोर. मी बाबांना विचारलं, "त्या दोघांना इथे आणते. त्यांच्यासमोर सांगाल?" हिरवं बटण. त्यांचा अर्धा ओठ हसला.

"मी फक्त मशीन लावीन," बाई म्हणाल्या. "प्रश्न तू विचार. ते दमले की थांबायचं."

कॉम्प्युटर बघायला साहेबांना घेऊन या, असं मी काकाला कळवलं. त्याला ते आमंत्रण गोड लागलं. कॉम्प्युटर तेव्हा कुणी पाहिला होता? सफारी घालून, साहेबांना रिक्षातून घेऊन तो आला. आधी मासा झाला, आंबा झाला, छत्री झाली. बाबांचं एकही उत्तर चुकलं नाही. साहेब म्हणाले, "कमाल आहे." काका म्हणाला, "दादा आमचा पहिल्यापासून हुशार."

मग मी विचारलं, "बाबा, साहेबांच्या मुलाशी माझं लग्न ठरवायला तुम्ही संमती दिलीत?"

"होय," बाबा म्हणाले.

"ऐकलंत ना?" काका घाईने साहेबांकडे वळला. तेवढ्यात यंत्र वाजलं. फुली.

"चुकून लागलं बोट. हात थरथरतो त्याचा."

"मग तुम्हीच विचारा, काका."

साहेब बघत होते, त्याला विचारावंच लागलं. आवाज खाली आला होता. "दादा, तू माका होय म्हटलंस मां?"

फुली.

मी थांबले नाही. "मृदंग तुम्ही दिलात?" फुली. "काका तुमच्या नावावर खोटं बोलले?" बाबांनी आधी भावाकडे नीट पाहिलं, मग हिरवं बटण दाबलं आणि बोट बराच वेळ उचललं नाही.

साहेब उठले. "यात मला कशाला गोवलंत?" एवढंच ते काकाला म्हणाले आणि त्याला न घेता रिक्षात बसले.

काका दाराशी घुटमळला. "पोरी, घरातली गोष्ट घरात बोलायची होतीस."

"घरातच तर तुम्ही बाबांच्या तोंडून बोललात."

लग्न मोडलं. मृदंग त्याने कुणाच्या तरी हाती परत धाडला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण नंतर पाहुणे आले की कुणीही बाबांना काही विचारलं, तर तीच आधी म्हणायची, "त्यांचा हात बघा, तोंड नको." बाबांचे शनिवार चालू राहिले. पुढे थोडे शब्दही आले, अडखळत.

माझं मात्र तेवढ्याने भागलं नाही. काका रविवारी मासळी घ्यायला घाटकोपरच्या बाजारात यायचा, ठरलेल्या एकाच कोळणीकडे. मी तिथे जायला लागले. त्याच्या शेजारी उभी राहून सावकाश एकेक बोंबील निवडायचे, त्याच्याकडे बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "बाबा बरे आहेत, काका." तो न घेताच निघून जायचा. शेवटी त्याने बाजार बदलला.