हलिमा कधी जेवते

मी आफ्रिकेला निघालो तेव्हा अल्लीपूरच्या बसस्टँडवर माझा सत्कार झाला. एका पुढाऱ्याने शाल घातली आणि मी सिंहांच्या देशात विदर्भाचं नाव गाजवणार असल्याचं जाहीर केलं. मी टांझानियातल्या उसांबाराच्या डोंगरात, एका ट्रेकिंग कंपनीचा हिशेबनीस म्हणून चाललो होतो. त्या डोंगरात सिंह नाहीत. बाबांनी शालीचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "गरम नाई. नुसती चमकते."

तुमच्यातले जे दुबईला, पुण्याला किंवा आणखी कुठे गेले, त्यांना नवलाई किती टिकते हे सांगायला नको. आमची जमीन सपाट, काळी, उन्हाळ्यात भेगाळलेली. इथे डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी मका, केळी, घेवडा. वर धुक्यातलं जंगल. वर्षभर मी त्या हिरव्याकडे तोंड उघडं ठेवून पाहिलं. मग ते ऑफिसच्या भिंतीसारखं दिसेनासं झालं. पुढे कंपनीने मला हिशेबातून उठवून पाहुण्यांचे गट फिरवायला लावलं. जंगलातून चालायचं, एका 'खऱ्या घरी' जेवायचं, संध्याकाळी कड्यावरच्या व्ह्यू पॉइंटवरून सूर्यास्त बघायचा. खरं घर म्हणजे मामा हलिमाचं. इकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात. घर खरंच होतं. त्याला संस्कृती म्हणायचं, ते मात्र बुकिंग असेल त्या दिवशी.

बाबा गेल्यावर आई अल्लीपूरच्या घरात एकटी उरली. धाकटा बोरगाव मेघेला दोन खोल्यांत राहतो. तो फोनवर म्हणाला, "दादा, तिकडची हवा चांगली हाय. आईले मानवीन." त्याने गावच्या घराला कुलूप घातलं, गिऱ्हाईक शोधायला लागला आणि आईला विमानात बसवून दिलं. आता ती कायमची माझ्याकडे राहणार, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

एकटी घरी बसण्यापेक्षा म्हणून मी तिला एकदा गटासोबत नेलं. नऊवारी खोचून ती पाहुण्यांच्या पुढे चालत होती. उतारावरचा मका बघून म्हणाली, "बाप्पा! इथं बैल कुठून जुंपत असतीन?" कुदळीने खणतात म्हटल्यावर तिने उतार खालपासून वरपर्यंत पुन्हा पाहिला.

हलिमाने अंगणात सगळ्यांना उगाली आणि घेवड्याची भाजी वाढली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आईने ताटाला हात लावला नाही. आमच्याकडे पाहुणी बाई पंगतीला बसत नाही. सगळ्यांचं आटोपलं की घरच्या बाईसोबत जेवते. तिने हलिमाला खुणेने तेच सांगितलं आणि सुपातल्या शेंगा सोलायला घेतल्या. एका पाहुण्याने दोघींचा फोटो काढला.

"ही कोणत्या जमातीची?" त्याने विचारलं.

"माझ्या," मी म्हणालो. त्याला तो विनोद वाटला.

निघायची वेळ झाली. हलिमा अजून वाढतच होती.

"आई, चल. सूर्यास्त चुकेल."

"ते जेवली नाई अजून."

"अगं, तिचं हे रोजचंच आहे."

"मंग रोजच उपाशी राह्यते का?" आईने वर न बघता विचारलं. "तू जाय तुह्या लोकाईले घेऊन. सूर्य काई माह्यासाठी थांबून नाई राह्यला."

मी गेलो. सूर्यास्त वेळेवर झाला. परत आलो तर दोघी चुलीपाशी हसत बसल्या होत्या, एका शब्दाचीही ओळख नसताना. आईने बोटं चाटून सांगितलं, "घट्ट कण्याच हायत ह्या. मीठ कमी."

उतरताना तिने विचारलं, "बाबू, तुह्या घरी कोण येते रे?"

"मालक येतो. ड्रायव्हर येतो."

"जेवाले?"

"नाही. कामाला."

"मंग मी इथं कोणासाठी रांधू? तू त रोज लोकाईच्या घरी जेवतं. गावात एकटी हावो, पण दारावरून जाता जाता एखादी बाई विचारते, झाला का सैपाक म्हणून. मले पाठोव तिकडं."

मी हवेबद्दल बोललो, दवाखान्याबद्दल बोललो. पाहुण्यांना सांगतो तशी डोंगरांची तारीफही केली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

धाकट्याचं गिऱ्हाईक गेलं. आईने कुलूप स्वतः उघडलं. तो आता आम्हा दोघांशीही बोलत नाही. त्या दुपारची हकिगत कळल्यावर माझा मालक मात्र फार खूश झाला. आमच्या पॅकेजमध्ये आता 'हलिमासोबत एक दुपार' आहे. पाहुणे शेंगा सोलतात, हलिमा हसते, पुढल्या गटाचं बुकिंग होतं.

घर कुठे, असं पाहुणे विचारतात. मी इंडिया म्हणतो, ते खूश होतात. इथल्या खोलीत आई राहिली नाही, तेव्हापासून त्या खोलीला घर म्हणायला जीभ वळत नाही. आणि अल्लीपूरच्या दारावरून जाणाऱ्या बायांना आता मी कोण, ते सांगावं लागतं.

रविवारी फोन करतो. आई पाऊसपाणी विचारते, तब्येत विचारते. शेवटी न चुकता विचारते, "हलिमा जेवते का आता येळेवर?"

मी हो म्हणतो. मी कधी पाहिलेलं नाही. तोवर आम्ही सूर्यास्ताकडे निघालेलो असतो.