पेन्सिलीची भोकं

पोलिसांच्या नेमबाजीच्या मैदानावर त्याला सगळे घूस म्हणायचे. बावीस वर्षं तो टार्गेटखालच्या खड्ड्यात बसून होता. डोक्यावरून गोळ्या जायच्या. थांबल्या की कागद खाली ओढायचा, भोकं मोजायची, फोनवरून गुण सांगायचे आणि भोकांवर चिकटपट्टी मारायची. एवढीच नोकरी. तीही मास्तरांनी चिकटवून दिलेली.

मास्तर म्हणजे तिथले नेमबाजीचे शिक्षक आणि घुशीचे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. इतरांचं पिस्तूल पंचवीस पावलांवर दम टाकायचं. मास्तर शंभरावरून बशीएवढ्या काळ्या ठिपक्यात सहाच्या सहा घालायचे. शिकाऊ पोरांना म्हणायचे, "टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. पिस्तुलाच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो खुंट, लख्ख दिसली पाहिजे. आणि चापाला हिसका नाही द्यायचा, हळूहळू दाबत जायचं. बार कधी उडाला ते तुमचं तुम्हालाही कळता कामा नये."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कागद कोरा आला. सहा गोळ्या, भोक एक नाही. सगळ्या मागच्या मातीत. दाजींना आता माशीच धूसर दिसत होती, पण चष्म्याचं नाव काढलं की अंगावर यायचे. घुशीनं फोन उचलला. पलीकडे पोरं फिदीफिदी करायला टपलेलीच. त्यानं कानामागची पेन्सिल काढली, कागदाला सहा भोकं पाडली आणि सांगितलं, "पाच काळ्यात, एक कडेला." गोळी भोकाभोवती करडी कड सोडते, पेन्सिलीचं शिसंही तशीच सोडतं. कुणाला संशय आला नाही. दाजींनाही नाही. तेव्हापासून हेच चाललं होतं.

मग मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन येणार असं ठरलं. मास्तर साहेबांना म्हणाले, "कागद काय, कुणीही फोडेल. आमचा मेव्हणा शंभर पावलांवर बशी धरून उभा राहील."

घुशीनं दाजींना गाठलं. "दाजी, मी खड्ड्यातच बरा आहे."

"का रे, उजेडाची भीती वाटते? जन्मात एकदा तरी वर ये की. दिसू दे तोंड लोकांना."

आदल्या दिवशी त्यानं सगळं सांगून टाकलं, पायाच्या अंगठ्याकडे बघत. मास्तर हसले नाहीत, चिडले नाहीत. त्याला शेजारी उभं केलं, नवीन कागदावर सहा गोळ्या झाडल्या. मग दोघं शंभर पावलं चालत गेले.

कागद कोरा होता. मास्तर काळ्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"पोरांना?"

"कुणालाच नाही, दाजी."

"मग उद्या दहाला ये. पांढरा शर्ट घालून. मला नीट दिसायला पाहिजेस."

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "अरे, यांनी त्यांचा पांढरा शर्ट काढलाय तुझ्यासाठी. मला इस्त्री करायला बसवलंय. नवरदेव होतोयस की काय? कुठं निघालाय दोघं?"

घुशीनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. दाजींचं खाकरणं मागून ऐकू येत होतं. ते तिथंच बसले होते.

"कुठं नाही, ताई," तो म्हणाला. "मैदानावरच. पाहुणे यायचेत."