थंड खोलीची ओसरी

रोहण्यातल्या आमच्या भाजीवाल्या बायकांच्या गटाला थंड खोली मिळाली ती नेदरलँडच्या एका कंपनीशी झालेल्या करारातून. यंत्र आणि वरचे सौर पॅनेल त्यांचे, जागा आणि राखण आमची. वर्षभराची चाचणी जमली नाही तर खोली परत जाणार होती. तिच्यामुळे संध्याकाळी पडेल भावात मेथी-पालक फुंकून टाकणं थांबलं होतं. गटाची अध्यक्ष मी, त्यामुळे खोली गावातून हलू द्यायची नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं.

खोलीचं तापमान कंपनीला तिकडे बसून दिसायचं. मे महिन्यात मेल आली : रोज दुपारी तापमान चढतं, यंत्रात दोष आहे का?

यंत्र ठणठणीत होतं. दुपारी आम्ही सगळ्या आत बसून जुड्या बांधत होतो. बाहेर टिनाच्या शेडखाली भाजीही वाळायची आणि आम्हीही.

या थंड खोलीच्या प्रकल्पावर देखरेख करणारा वर्ध्याचा अधिकारी घाबरला. "ताई, ढगाळ होतं म्हणून सांगून द्या."

वर्ध्यात मे महिन्यात ढग, हे हॉलंडवालेही मानणार नाहीत, असं मी म्हटलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "म्हशी डबक्यात बसते तशा आपण बसून राह्यलो. तसंच सांगजो त्याईले."

व्हिडिओ कॉलवर मी तसंच सांगितलं, म्हशी वगळून. अधिकाऱ्याने खाली मान घालून भाषांतर केलं. पलीकडे माझ्याच वयाची एक इंजिनिअर होती. ती हसली नाही. माणसं आत बसली तर भाजी टिकणार नाही आणि बंद दाराआड माणसांनाही धोका, असं तिने स्पष्ट सांगितलं. मला ते पटलं.

"मग भाजी हाताळणाऱ्या बाईची जागा तुमच्या नकाशात कुठे आहे?" मी विचारलं.

तिने समोरचा नकाशा पुढे ओढला. मग आम्ही कसं बसतो, पाणी कुठून घेतो, ऊन कोणत्या बाजूने येतं, असं एकेक विचारत गेली. पंधरवड्यात नवा नकाशा आला : खोलीला लागून जाड भिंतींची ओसरी, आतली थोडी गार हवा तिथे सोडलेली. दार पश्चिमेला दाखवलं होतं, ते आम्ही पूर्वेला घ्यायला लावलं. भिंती आमच्या पैशाने आम्हीच उभारल्या, हवेची नळी त्यांनी पाठवली.

दुपारचं तापमान चढणं थांबलं. चाचणी संपली आणि खोली रोहण्यातच राहिली. आता कंपनी केनियात अशाच खोल्या देते आहे. त्यांच्या नकाशात ओसरी आहे, आणि दार ऊन बघून ठेवावं अशी सूचनाही. अधिकारी तो नकाशा दाखवायला मुद्दाम गावात आला. त्याला मी आधी जुड्या बांधायला बसवलं.