कवचाचं तोंड

“आधी तोंड बघा, मास्तर,” असं तो म्हणायचा, आणि टोपी काढून मांडीवर ठेवल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा नाही.

तोंड म्हणजे कवचाचं. ओल्या शेवाळात, मातीत अमीबासारखे जीव असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. त्यातले काही अंगाभोवती कवच करून राहतात. कवचाला एकच भोक. ते गोल की लांबट, मधोमध की कडेला, यावरून तो त्यांचे प्रकार ओळखायचा. आमच्या जालन्याच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. केदारखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. मी वयानं मोठा, वनस्पतिशास्त्र शिकलेला. एकदा पोरांसमोर त्यानं माझी चूक काढली, तीही हात जोडून. हात जोडले म्हणून काय झालं? मला झोंबलं ते झोंबलंच.

हैदराबादच्या एका प्रोफेसरांनी त्याला शब्द दिला होता, नवा प्रकार शोधून दाखव, प्रयोगशाळेत घेतो. त्या एका शब्दावर गडी जगत होता. सुट्टी लागली की विहिरींच्या पायऱ्या खरवडत हिंडायचा. घरी सोयरीक घेऊन पाहुणे आले, तर बापाला सांगावं लागलं, पोरगा विहिरीत आहे.

भादव्यात एके दिवशी तो धावतच आला. गावाकडच्या विहिरीच्या शेवाळात गोल, गुळगुळीत कवच सापडलं होतं, एका बाजूला नेटकं भोक. विहिरीला लागून जवारी फुलोऱ्यात आली आहे, हेही त्यानंच बोलता बोलता सांगितलं. मी डोळा लावला. जवारीचा पराग होता. पहिल्या नजरेत ओळखला.

“बराबर हाय ना, मास्तर? धाडू?”

“बिलकुल धाडा,” मी म्हणालो. घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि पोट धरून हसलो. ती हसली नाही.

पत्र शाळेमार्फत गेलं होतं, म्हणून उत्तर हेडमास्तरांच्या नावे आलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. हा पराग आहे. शेतकऱ्याच्या पोराला जवारी ओळखू येत नसेल, तर त्याला प्रयोगशाळेत घेऊन काय करू? सगळे खो खो हसले. तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मी हसलो नाही. माझं हसून झालं होतं.

पुन्हा त्यानं सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही. पुढच्या वर्षी धावड्याला बदली मागून घेतली. जाताना सूक्ष्मदर्शकात पाहून काढलेल्या चित्रांची वही माझ्या हातात ठेवली.

“त्या दिशी तुम्ही एकटेच हसले न्हाईत,” तो म्हणाला. “तुमच्या पन नजरेतून सुटलं, म्हणून जीवाला तेवढं बरं वाटून राह्यलं.”

मी वही घेतली. त्यातलं परागाचं चित्र फार बिनचूक आहे. लाज वाटायची, तरी नोकरी संपेपर्यंत दर वर्षी वर्गात मी तेच दाखवलं.