मॅडमचा प्रश्न, सरांचा आवाज

काष्टीजवळच्या आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करते. दिवाळीनंतर गणिताच्या मॅडम माझ्याकडे आल्या आणि नववी काढून घ्या म्हणाल्या. तरुण आहेत, शिकवतात उत्तम, कुरकुरीची सवय नाही. म्हणून मी कारण विचारलं.

नववीची मुलं मोबाईलवर एका गॉगलवाल्याची रील्स बघत होती. गाडीला टेकून तो सांगायचा, खरा मर्द बाईचं ऐकत नाही. मुलांनी हे थेट भूमितीला लावलं. मॅडमनी प्रश्न विचारला की सगळे खिडकीबाहेर बघत.

शिक्षकांनी काय करायचं ते मी मुद्देवार लिहून मुख्याध्यापकांना दिलं: मुलांशी मोकळं बोलायचं, पालकांना बोलवायचं, सगळ्यांनी एकच भूमिका घ्यायची. त्यांनी कागदाची घडी घातली आणि स्वतःचा तोडगा काढला. खेळाचे सर त्या तासाला मोकळेच असतात, ते वर्गात मागे बसतील.

तोडगा लागू पडला, हीच पंचाईत. मॅडम विचारायच्या, त्रिज्या किती? वर्ग गप्प. मागून सर तेच विचारायचे आणि भराभर हात वर. मुख्याध्यापक खूश.

‘ताई,’ मॅडम मला म्हणाल्या, ‘मी वर्गात नुसता खडू धरायला जाते का?’

शिक्षकांच्या सभेत त्यांनी हेच मांडलं. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, मग खेळाच्या सरांकडे वळून विचारलं, मॅडमचं म्हणणं काय आहे? सरांनी सवयीनं सगळं जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. मुख्याध्यापकांना लगेच पटलं. सर मात्र स्वतःचंच बोलणं ऐकून ओशाळले. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं, उद्या वर्गात एक अक्षर बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मीही मागच्या बाकावर बसले. मॅडमनी वर्तुळाच्या जीवेवरचा प्रश्न विचारला. मुलं सरांकडे वळली. सर शिट्टी दातात धरून गप्प. शेवटी सगळ्यांना ती रील्स पाठवणारा उंच मुलगा म्हणाला, ‘सर, इचारा की.’

‘काय इचारू? मला त्यातलं काय कळत न्हाई. मॅडम बोलत्यात तेच म्या बोलतो.’

‘म्हंजी तुमी मॅडमचं ऐकता?’

‘रोज. तू बी ऐकतोस की. माझ्या तोंडून.’

आधी मुली हसल्या. गॉगलवाल्याच्या नियमानं अख्खी नववी केव्हाच बाद झाली होती. मॅडमनी प्रश्न पुन्हा वाचला. उंच मुलानं फळ्याकडे बघत उत्तर दिलं. ते चुकलं होतं. मॅडमनी त्याला फळ्यापाशी बोलावून आकृती काढायला लावली, आणि तो गेला.

मुलांशी मोकळं बोलायचं अजून बाकीच होतं. शनिवारच्या तासाला सगळ्या शिक्षकांनी मिळून ते करायचं ठरलं. मधल्या सुट्टीत मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. वेळापत्रक आहे तसंच राहू द्या म्हणाल्या, फक्त सरांना मैदानावर पाठवा.